अडीच गुणांचं गणित: बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये भारताचा निकाल कसा वाचायचा

२२ सप्टेंबर २०२४ ला बुडापेस्टमध्ये ४५वी बुद्धिबळ ऑलिंपियाड संपली, तेव्हा खुल्या गटाच्या तक्त्यात भारताच्या नावापुढे दोन आकडे होते: २१ आणि ३५. महिला गटात भारताचे गुण होते १९. दोन्ही गटांत सुवर्ण एकाच वेळी. असं त्याआधी फक्त सोव्हिएत संघ आणि चीन यांनाच जमलं होतं. पण २१ कशाचे, ३५ कशाचे, आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या अमेरिकेचे १७ म्हणजे फरक मोठा की छोटा, हे बहुतेकांना कळलं नाही. जिंकलो, एवढंच पोचलं.

सांघिक बुद्धिबळ बघताना आपण एकेक डाव सुटा करून बघतो. आज गुकेशचं काय झालं, दिव्याचं काय झालं, विदित जिंकला का? खेळाडूवरचं प्रेम ठीक आहे, पण असं बघितलं की सामना हातातून निसटतो. चार पट मिळून एक सामना असतो आणि तो अडीच गुणांना जिंकला जातो. कोणाला बसवायचं, कोणी धोका पत्करायचा, कोणी मुकाट्याने बरोबरी घ्यायची, हे सगळं त्या अडीचकडे बघून ठरतं. ते एकदा लक्षात आलं की नऊ चालींपर्यंतही न पोचलेल्या डावातसुद्धा काय चाललंय ते वाचता येतं.

आधी पाया. संघात पाच खेळाडू, पैकी एका फेरीत चार खेळतात. एकूण ११ फेऱ्या, स्विस पद्धतीने, म्हणजे दर फेरीला सारख्या गुणांचे संघ एकमेकांशी खेळतात. डाव जिंकला की १ गेम पॉइंट, बरोबरीला अर्धा. चार पटांची बेरीज २.५ किंवा जास्त झाली की सामना जिंकला आणि संघाला २ मॅच पॉइंट. २-२ झालं तर १ मॅच पॉइंट. क्रमवारी लागते ती मॅच पॉइंटवर. म्हणजे ४-० ने जिंका किंवा २.५-१.५ ने, हातात पडतात तेच दोन. भारताच्या खुल्या संघाने ११ पैकी १० सामने जिंकले, एक बरोबरीत सोडवला, म्हणून २१. आणि ४४ डावांत २७ विजय, १६ बरोबऱ्या, एकच पराभव, म्हणून ३५. हे दोन वेगळे हिशेब आहेत, एकमेकांत मिसळायचे नाहीत.

फेरीची तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते. जोड्या जाहीर होतात तेव्हा कोणाचं नाव आधी छापलंय ते बघा. आधी नाव असलेल्या संघाला पहिल्या आणि तिसऱ्या पटावर पांढरी मोहरी मिळतात, दुसऱ्या आणि चौथ्यावर काळी. भारताच्या २०२४ च्या संघात या एका गोष्टीने किती फरक पडत होता ते बघा. पटांचा क्रम होता गुकेश, प्रज्ञानंद, अर्जुन एरिगैसी, विदित गुजराथी आणि राखीव पेंटाला हरिकृष्ण. पहिल्या-तिसऱ्यावर पांढरी म्हणजे गुकेश आणि अर्जुन दोघांकडे पांढरी. स्पर्धेतले सगळ्यात धारदार दोन खेळाडू एकाच वेळी आक्रमणाला मोकळे, आणि प्रज्ञानंद-विदित काळ्याने किल्ला राखणार. उलट रंग आले की भार वाटला जायचा.

पटांचा क्रम स्पर्धेआधी एकदाच द्यायचा असतो, मग ११ फेऱ्या तो बदलत नाही. एखाद्याला विश्रांती दिली की खालचे सगळे एक पट वर सरकतात आणि राखीव खेळाडू चौथ्यावर येतो. पहिल्या फेरीत मोरोक्कोविरुद्ध गुकेशला विश्रांती दिली, तेव्हा प्रज्ञानंद पहिल्या पटावर गेला. म्हणून 'तिसऱ्या पटाचा खेळाडू' हे वर्णन यादीतल्या जागेचं असतं, त्या दिवशी तो प्रत्यक्ष कुठे बसला त्याचं नसतं. वैयक्तिक पदकंही यादीतल्या जागेवरच मोजली जातात.

या क्रमातच कर्णधार श्रीनाथ नारायणनच्या संघाची सगळ्यात चांगली चाल होती, असं मला ठामपणे वाटतं. अर्जुन त्या वेळी रेटिंगमध्ये भारतात सगळ्यांच्या वर होता, तरी तो तिसऱ्या पटावर. समोरच्या संघाचा तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू आणि अर्जुन यांच्यात फार थोड्या संघांना तोल साधता आला असता. अर्जुन बरोबरीवर समाधान मानणारा नाही. काळ्यानेही तो डाव गुंतागुंतीचा करतो, जिंकण्यासाठी खेळतो. त्याने पहिल्या सहा फेऱ्यांत सहाही डाव जिंकले आणि शेवटी ११ पैकी १० गुण केले. पहिल्या पटावर गुकेशने १० डावांत ९. वरचा पट सांभाळला जातोय आणि तिसऱ्यावरून दर फेरीला गुण येतोय, तर उरलेल्या दोघांना फक्त न हरण्याचं काम उरतं.

आता वेळेचं गणित, कारण घरून बघणाऱ्याला याचा सगळ्यात जास्त उपयोग. पहिल्या ४० चालींसाठी प्रत्येकाला ९० मिनिटं, त्यानंतर ३० मिनिटं, आणि पहिल्या चालीपासूनच दर चालीला ३० सेकंद वाढीव. ४० चालींचे वाढीव सेकंद म्हणजे २० मिनिटं. तर ४०व्या चालीपर्यंत एका खेळाडूकडे ११० मिनिटं, दोघांची मिळून ३ तास ४० मिनिटं. बुडापेस्टमध्ये फेऱ्या तिथल्या दुपारी ३ ला सुरू व्हायच्या, आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा. त्यात ३ तास ४० मिनिटं मिळवा: रात्री १० वाजून १० मिनिटं. सामन्याचं नशीब फिरतं ते साडेनऊ ते सव्वादहाच्या दरम्यान. ज्याच्याकडे एकच तास असेल त्याने सुरुवातीच्या चालींवर तो खर्च करू नये, हा तास राखून ठेवावा. ६० चालींचा डाव पाच तासांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे साडेअकरा. गुकेश विरुद्ध वेई यी हा सातव्या फेरीतला डाव ८० चालींचा झाला. असा डाव घड्याळ पूर्ण वापरून खेळला तर तो पाच तास वीस मिनिटांपर्यंत जातो.

३० चालींच्या आत आपसात बरोबरी करायला मनाई असते. त्यामुळे पहिल्या दीड-दोन तासांत एखादा डाव बरोबरीत सुटला दिसला, तर तो बहुधा त्याच चाली पुन्हापुन्हा खेळून, म्हणजे तीनदा तीच स्थिती आणून सुटलेला असतो. काळ्या मोहऱ्यांनी असं झालं तर मी ते आपल्या बाजूने धरतो. काळ्याने अर्धा गुण खिशात पडला आणि पांढरी असलेले दोन पट अजून खेळतायत, यासारखी सुरुवात नाही.

इंजिनचा, म्हणजे डाव तोलणाऱ्या संगणक प्रोग्रामचा आकडा हा बघणाऱ्यांचा सगळ्यात मोठा फसवा मित्र. +१ म्हणजे पांढऱ्याला साधारण एका प्याद्याएवढा वरचष्मा. सुरुवातीला +०.३ च्या आसपास असेल तर त्यात काहीच विशेष नाही, पांढऱ्याला पहिल्या चालीचा तेवढा फायदा असतोच. खरा गोंधळ ०.०० मध्ये आहे. एक ०.०० असा असतो की दोघांकडे एकेक हत्ती, तीन-तीन प्यादी, सगळी एकाच बाजूला. तिथे खरंच काही उरलेलं नाही. दुसरा ०.०० असा असतो की एका बाजूला प्रत्येक चालीला एकच अचूक उत्तर आहे आणि घड्याळात चार मिनिटं. इंजिनला दोन्ही सारखेच. माणसाला मुळीच नाहीत. म्हणून आकडा बघताना तीन गोष्टी जोडीने बघायच्या: घड्याळात किती वेळ, ४०वी चाल किती लांब, आणि दाब कोण टाकतंय. ०.०० असलं तरी समोरच्याकडे १२ चालींना तीन मिनिटं आणि आपल्याकडे वीस असतील, तर तो पट आपल्या बाजूला झुकलेला समजावा.

याउलट +१.२ असूनही डाव न जिंकण्याची शक्यता मोठी असते असे काही साचे ओळखून ठेवावेत. विरुद्ध रंगांचे उंट राहिले, म्हणजे एकाचा पांढऱ्या घरांवरचा आणि दुसऱ्याचा काळ्या, की एक प्यादं जास्त असूनही डाव अनेकदा बरोबरीत सुटतो. हत्तींच्या शेवटात सगळी प्यादी एकाच बाजूला असतील आणि एक प्यादं जास्त असेल, तर बचाव करणारा बहुतेक वेळा तग धरतो. पटावर एकूण सात किंवा कमी मोहरी उरली की मात्र अंदाज संपतो. तिथे तयार कोष्टकं आहेत आणि निकाल नक्की सांगता येतो, फक्त खेळाडूला तो पटावर शोधावा लागतो.

आता हे चार पटांना लावून बघू. सामना चालू असताना एक कागद घ्या आणि प्रत्येक पटापुढे एकच खूण करा: सुटला तर निकाल, चालू असेल तर 'दाबतोय', 'धरतोय' किंवा 'अजून काही नाही'. दर अर्ध्या तासाने खुणा बदला. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा, अडीच कुठून येणार? ज्या पटांतून ते येणार नाहीत तिथे बरोबरी पुरेशी आहे, आणि तो खेळाडू जोखमीची चाल टाळून साधी अदलाबदल का करतोय ते तेव्हा उमगतं. आपल्याला ती भित्री वाटते, पण संघासाठी ती नेमकी बरोबर असते.

सातव्या फेरीत चीनविरुद्ध हेच झालं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पटावर बरोबरी. हरिकृष्ण त्या दिवशी चौथ्या पटावर बसला होता. चीनने विश्वविजेत्या डिंग लिरेनला विश्रांती दिली होती, त्यामुळे गुकेशसमोर वेई यी आला. काही महिन्यांनी गुकेश आणि डिंग जगज्जेतेपदासाठी सिंगापूरला भिडणार होते, म्हणून बहुतेकांची नजर डिंग का नाही यावर होती. सामन्याच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच होतं: तीन बरोबऱ्यांनी दीड गुण नक्की झालेला आणि एका पटावर गुकेश धोका न पत्करता दाबत राहिलाय. हरलाच नाही तर वाईटात वाईट २-२. अशा वेळी खेळाडू डाव लांबवतो, आणि लांबवावाच. वेई यीने बराच वेळ चांगला बचाव केला, पण ८० चालींत एक तडा पुरतो. २.५-१.५.

दहाव्या फेरीत अमेरिकेविरुद्ध चित्र उलटं होतं. प्रज्ञानंद काळ्या मोहऱ्यांनी वेस्ली सो याच्याकडून हरला. अख्ख्या स्पर्धेत भारताच्या खुल्या संघाने गमावलेला हा एकमेव डाव. एक पट गेला की उरलेल्या तिघांत अडीच लागतात, म्हणजे दोन विजय आणि एक बरोबरी, त्याहून कमी चालणार नाही. विदितकडे काळी होती आणि समोर लेव्हॉन अरोनियन. तिथून बरोबरी आली. पांढरी असलेल्या दोन्ही पटांवर, गुकेशने फाबियानो कारुआनाला आणि अर्जुनने लेइनिएर डोमिंगेझला हरवलं. ठळक अक्षरात गुकेश-अर्जुन छापले जाणं साहजिक आहे. पण नाशिकच्या विदितने अरोनियनविरुद्ध काळ्याने सोडवलेला अर्धा गुण काढून टाका, सामना २-२ होतो. विदितचे १० डावांत ७.५ गुण या नजरेतून वाचले पाहिजेत.

कर्णधाराला मैदानात किती बोलता येतं, याबद्दल बऱ्याच चुकीच्या कल्पना आहेत. पटावरच्या स्थितीबद्दल तो एक अक्षरही बोलू शकत नाही. बरोबरीचा प्रस्ताव दे, स्वीकार किंवा डाव सोड, एवढंच सांगण्याची मुभा असते. म्हणजे कर्णधाराचं काम मुख्यतः दोन ठिकाणी दिसतं: सकाळी कोणत्या चौघांची नावं दिली आणि एखाद्या पटावर बरोबरी कोणत्या क्षणी घेतली गेली. ती घेतली तेव्हा बाकी तीन पटांवर काय होतं, हे बघून ठेवा. निर्णय बरोबर होता का ते तुम्हालाच ठरवता येईल.

महिलांचा संघ याहून अवघड वाटेने गेला, आणि माझ्या मते बघायला तोच जास्त शिकवणारा होता. क्रम असा: हरिका द्रोणवल्ली, वैशाली, नागपूरची दिव्या देशमुख, वंतिका अग्रवाल, राखीव तानिया सचदेव. कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. कोनेरू हंपी या वेळी संघात नव्हती. पहिले सातही सामने जिंकले, त्यात कझाकस्तान आणि आर्मेनिया यांच्याविरुद्ध जेमतेम २.५-१.५. आठव्या फेरीत पोलंडने हरवलं. वरचे दोन पट, हरिका आणि वैशाली, दोघीही हरल्या. दिव्याचा विजय आणि वंतिकाची बरोबरी मिळून दीडच झाले. वरचे दोन्ही पट एकाच दिवशी गेले की खालच्या दोघींनी दोन्ही डाव जिंकले तरी फार तर २-२ होतं, सामना जिंकता येत नाही. पोलंडविरुद्धचा पराभव म्हणजे खालच्या पटांचं अपयश नव्हतं, ते तक्त्यातच दिसत होतं. पुढच्या फेरीत अमेरिकेविरुद्ध पुन्हा मागे पडल्यावर वंतिकाने इरिना क्रशला हरवून २-२ वाचवलं. दहाव्या फेरीत चीन: तीन पटांवर बरोबरी आणि दिव्याने नि शिचुनला हरवलं. २.५-१.५. खुल्या गटातल्या चीनच्या सामन्यासारखाच साचा, फक्त विजयाचा पट पहिला नव्हता, तिसरा होता.

शेवटच्या फेरीपूर्वी महिला गटात भारत १७, कझाकस्तान १७, अमेरिका १६. भारताला अझरबैजान, आणि कझाकस्तान व अमेरिका आमनेसामने. इथे तक्ता वाचता येणं किती कामाचं, ते बघा. भारत जिंकला तर १९. अमेरिका जिंकली तरी १८ वरच पोचणार, म्हणजे ती धोक्याची नाही. धोका फक्त कझाकस्तानचा, आणि तोही ते जिंकले तरच. मग दोघांचे १९ होऊन टायब्रेक, म्हणजे समान गुण असताना क्रम ठरवणारा हिशेब, लागणार. त्यामुळे भारताच्या पाठिराख्याने दोन सामने शेजारी शेजारी उघडून ठेवायला हवे होते. भारताने ३.५-०.५ ने जिंकलं, कझाकस्तान-अमेरिका २-२ सुटलं. १९, १८, १७. टायब्रेकची वेळ आली नाही.

पण टायब्रेक समजून घ्यायलाच हवा, कारण पदकं बऱ्याचदा तिथेच ठरतात. खुल्या गटात अमेरिका आणि उझबेकिस्तान दोघांचेही १७, एकाला रौप्य, दुसऱ्याला कांस्य. चीनचेही १७ आणि पदक नाही. पहिल्यांदा वाटतं की गेम पॉइंट बघत असतील किंवा आपसातल्या सामन्याचा निकाल. दोन्ही चूक. भारताने महिला गटात कझाकस्तानला पाचव्या फेरीत हरवलं होतं, पण समान गुण झाले असते तरी त्या एका विजयाने आपोआप वर जागा मिळाली नसती. पहिला टायब्रेक ऑलिंपियाडचा खास सोनेबोर्न-बर्गर. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे स्पर्धेअखेरचे मॅच पॉइंट घ्यायचे, त्याला आपण त्यांच्याविरुद्ध मिळवलेल्या गेम पॉइंटने गुणायचं, आणि सगळ्यांची बेरीज करायची. सगळ्यात कमी मॅच पॉइंट असलेला एक प्रतिस्पर्धी वगळायचा.

भारताचंच उदाहरण घ्या. अमेरिका शेवटी १७ वर थांबली, भारताने त्यांच्याविरुद्ध २.५ केले: १७ गुणिले २.५, म्हणजे ४२.५. उझबेकिस्तानचेही १७, पण तो सामना २-२: १७ गुणिले २, म्हणजे ३४. अर्ध्या गेम पॉइंटने साडेआठचा फरक पडला. आता समजा एखादा संघ शेवटी ६ मॅच पॉइंटवर थांबला आणि आपण त्याला ४-० ने हरवलं: २४. म्हणजे बलाढ्य संघाविरुद्धची बरोबरीसुद्धा दुबळ्या संघावरच्या ४-० ला मागे टाकते. यातून दोन गोष्टी निघतात. सामना जिंकलेला असला तरी मजबूत संघाविरुद्धचा शेवटचा पट खेळून काढण्याला किंमत आहे, २.५ चे ३ झाले तर फरक पडतो. आणि ज्यांना आपण आधी हरवलंय त्यांनी पुढे जिंकत राहावं अशी इच्छा धरावी लागते, कारण त्यांचे गुण आपल्या टायब्रेकमध्ये येतात. पहिल्या पाच फेऱ्यांत हा आकडा बघण्यात अर्थ नाही, दर फेरीला सगळ्यांचाच हलतो. नवव्या फेरीनंतर बघायला घ्या.

स्विस पद्धतीचं एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवलं की तक्ता बघून छाती धडधडत नाही. सारख्या गुणांचे संघ एकमेकांशी खेळतात, पण एकदा खेळलेले पुन्हा खेळत नाहीत. म्हणून सगळ्यात कठीण फेऱ्या साधारण सहा ते दहा. आघाडीवरचा संघ तोवर बहुतेक बलाढ्यांशी खेळून मोकळा झालेला असतो. भारताला शेवटच्या फेरीत स्लोव्हेनिया मिळालं ते यामुळेच, नशिबाने नव्हे. चीन, अमेरिका, उझबेकिस्तान आधीच झाले होते. मात्र स्लोव्हेनियाच्या पहिल्या पटावर व्लादिमिर फेदोसेएव्ह होता, सामना सोपा नव्हता. भारत ३.५-०.५ ने जिंकला. पहिल्या तीन फेऱ्यांतले ४-० आणि ३.५-०.५ यांवरून मात्र काही अंदाज बांधू नका. आणि यादीत 'हंगेरी बी' असं नाव दिसलं तर गोंधळू नका, यजमान देशाला एकापेक्षा जास्त संघ उतरवता येतात. चेन्नईजवळ मामल्लपुरमला २०२२ मध्ये भारताचे दोन्ही गटांत तीन-तीन संघ होते. गुकेश, प्रज्ञानंद आणि नागपूरचा रौनक साधवानी असलेल्या 'भारत बी' ने कांस्य मिळवलं, आणि दिव्या तेव्हा महिलांच्या बी संघात होती.

त्याच स्पर्धेत महिलांच्या पहिल्या संघाने दाखवून दिलं की शेवटची फेरी काय करू शकते. हंपी, हरिका, वैशाली, तानिया आणि गोव्याची भक्ती कुलकर्णी. दहा फेऱ्यांनंतर आघाडीवर, शेवटी अमेरिकेकडून १-३ पराभव. १७ गुण, आणि युक्रेन व जॉर्जिया १८ वर निघून गेले. कांस्य हेही मोठंच यश, पण एका सामन्यात दोन मॅच पॉइंट हातचे गेले की तीन जागांची उलथापालथ होते, हे तेव्हा कळलं.

निकाल बघताना होणाऱ्या नेमक्या चुका सांगतो, कारण त्यांत अनुभवी माणसंही सापडतात. चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर सांघिक सामन्यात निकाल संघाच्या क्रमाने लिहिलेला असतो. म्हणजे भारताचं नाव आधी असेल आणि विदित काळ्याने जिंकला, तरी तिथे १-० दिसेल. लिचेस किंवा चेस डॉट कॉमवर डाव उघडलात तर तोच ०-१ दिसेल, कारण तिथे पांढऱ्याचा निकाल आधी. एकाच डावाचे दोन उलटे निकाल बघून चूक झालीय असं वाटतं, चूक नसते.

दुसरं, डाव संपल्यावर शेवटची चाल म्हणून राजा अचानक पटाच्या मधोमध गेलेला दिसतो. पट इलेक्ट्रॉनिक असतो आणि निकाल कळवायला पंच किंवा खेळाडू राजे मधल्या चार घरांत ठेवतात: दोन्ही पांढऱ्या घरांत असतील तर पांढरा जिंकला, दोन्ही काळ्या घरांत तर काळा, एकेका रंगावर असतील तर बरोबरी. ही खूण कधीकधी चाल म्हणून नोंदली जाते आणि इंजिन एकदम मोठा आकडा दाखवून घाबरवतं. ती चाल सोडून द्या.

तिसरं, फेरी चालू असताना दिसणारी 'सध्याची क्रमवारी'. अर्धे सामने संपलेले आणि अर्धे चालू असताना ती निरर्थक असते. चारही पट संपून निकाल पक्का होईपर्यंत ती बघू नये. चौथं, प्रक्षेपण उशिराने येत असतं. फसवणूक टाळायला मोठ्या स्पर्धांमध्ये चाली काही मिनिटं मागे ठेवून दाखवतात. त्यामुळे घड्याळात २० सेकंद दिसत असतील, तेव्हा सभागृहात तो डाव कदाचित संपलेलाही असतो, आणि समाजमाध्यमांवर निकाल आधी येतो. डाव स्वतः बघायचा असेल तर बाकीच्या खिडक्या बंद ठेवा.

वैयक्तिक पदकांचा हिशेब पुन्हा वेगळा. प्रत्येक पटाला पदक मिळतं ते कामगिरीच्या रेटिंगवर, म्हणजे कोणाविरुद्ध किती गुण केले त्यावरून काढलेल्या आकड्यावर, आणि त्यासाठी किमान आठ डाव खेळलेले असावे लागतात. बुडापेस्टमध्ये गुकेश पहिल्या पटावर, अर्जुन तिसऱ्यावर, महिलांत दिव्या तिसऱ्यावर (११ पैकी ९.५) आणि वंतिका चौथ्यावर, अशी चार सुवर्णं भारताला मिळाली. गुकेशचा कामगिरी आकडा ३०५६ होता. हरिकृष्णने तीनच डाव खेळले, त्यात २.५ गुण केले. त्याला वैयक्तिक पदक शक्यच नव्हतं, पण एका दिवशी गुकेशला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला विश्रांती मिळाली ती त्याच्यामुळे. दिव्या सगळे ११ डाव खेळली, मधे एक सुटीचा दिवस सोडला तर रोज पाच-पाच तास. पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, बातुमीला तिने हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर झाली. बुडापेस्टच्या शेवटच्या दोन फेऱ्यांतले तिचे डाव पुन्हा लावून बघा. चीनविरुद्ध तीन पटांवर बरोबरी असताना तिने जिंकायचा रेटा कसा सोडला नाही, ते चाली बघूनच कळतं.

४६वी ऑलिंपियाड २०२६ मध्ये उझबेकिस्तानात समरकंदला ठरली आहे. तिथली वेळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. फेरी नेहमीसारखी तिथल्या दुपारी ३ ला सुरू झाली आणि वेळेचे नियम हेच राहिले, तर आपल्याकडे साडेतीन, आणि ४०व्या चालीची धांदल संध्याकाळी सव्वासहा ते सव्वासातच्या सुमारास. म्हणजे नोकरी करणाऱ्यांना ती लोकलमध्ये किंवा घरी येताना मोबाइलवरच बघावी लागेल. शेवटची फेरी बहुतेक वेळा लवकर सुरू होते, तेव्हा त्या दिवसाचं वेळापत्रक वेगळं तपासा. स्पर्धेआधी यादी लागली की पाच नावांचा क्रम उतरवून घ्या आणि तिसऱ्या-चौथ्या पटावर कोणाला ठेवलंय ते आधी बघा.